संशोधनाची लांब वाट आणि आत्मविश्वासाची कमाई

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा सिंदखेड राजाच्या जुन्या वास्तूंवर लिहावे असा माझा विचार होता. इतिहासाच्या शिक्षकाने दुसरे काय लिहावे? परंतु मध्येच एक लहानसा प्रसंग घडला आणि विषय बदलावा लागला. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे हा लेख मी का लिहीत आहे हे आपल्या ध्यानी येईल.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील कापूस पिंजून गाद्या भरणारे. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. हा मुलगा मात्र पहिला नंबर कधी सोडत नसे. तो बारावी झाला, बी.एस्सी. झाला, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि पुढे एका मोठ्या शहरात पीएच.डी.साठी दाखल झाला. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. आपल्या शाळेचा मुलगा आता 'डॉक्टर' होणार, असे आम्ही शिक्षकांनीही अभिमानाने चारचौघांत सांगितले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मला भेटायला आला. संशोधनाचे तिसरे वर्ष चालू होते. तोंड उतरलेले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, मी परत जाणार नाही. माझ्यात ते नाही. दोन वर्षे प्रयोग करतोय, हाती काही लागत नाही. लिहिलेले प्रत्येक पान परत येते. बरोबरची मुले पुढे गेली. मी चुकून तिथे पोहोचलो असे वाटते." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. त्यांचा प्रश्न साधा होता : "गुरुजी, अजून किती साल?"

खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. मी बी.ए. बी.एड. माणूस. संशोधनाचा अनुभव मला नाही. परंतु एक गोष्ट त्या रात्री मनाला टोचत राहिली. या मुलाला आम्हीच शिकवले होते. आणि आम्ही त्याला काय शिकवले? प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेले उत्तर असते. ते ज्याला येते तो हुशार, ज्याला येत नाही तो नापास. अठरा वर्षे ही शिकवण घेतलेला मुलगा अशा ठिकाणी जाऊन उभा राहिला, की तिथे प्रश्नाचे उत्तर त्याच्या मार्गदर्शकालाही ठाऊक नाही. उत्तर ठाऊक नाही म्हणूनच तर त्याला संशोधन म्हणतात! मग त्याने आपल्या जुन्या सवयीने हिशेब मांडला : उत्तर येत नाही, अर्थात मी नापास.

मला स्वतःचा अनुभव नव्हता, तेव्हा मी माझ्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे वळलो. ज्यांना आपण आज थोर विद्वान म्हणतो, त्यांचे विद्यार्थिदशेतले मधले दिवस कसे गेले? पदवी आणि कीर्ती यांच्या मधली जी अंधारी वर्षे असतात, ती त्यांनी कशी काढली? जे सापडले ते या लेखात आपल्यापुढे ठेवतो.

लोणारची साक्ष

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. लोणारचे सरोवर आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिले नाही? शाळेची सहल निघाली की हमखास तिथे. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईने-अकबरी' लिहिली, तीत वऱ्हाडच्या वर्णनात या जागेचा उल्लेख असून काच व साबण करण्याचे साहित्य इथे मिळते, अशी नोंद आहे. पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची दखल घेतली. तेव्हापासून विद्वानांपुढे प्रश्न उभा राहिला, की हा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा झाला कसा? सभोवार सारा काळा अग्निजन्य खडक. साहजिकच पुष्कळांना वाटले की हे जुन्या ज्वालामुखीचे तोंड असावे. कोणी म्हणाले जमीन खचली, कोणी म्हणाले आकाशातून अशनी कोसळला.

या वादाचा निर्णय लागण्यास किती काळ लागला, याचा विचार करा. खड्ड्याच्या तळाशी भोके पाडून खालच्या दगडाचे नमुने काढण्यात आले. प्रचंड आघाताखेरीज जी तयार होत नाही अशी काच त्यांत सापडली. आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून 'सायन्स' या नियतकालिकात तो पुरावा मांडला. १८२३ ते १९७३, म्हणजे दीडशे वर्षे! तरी काम संपले नाही. सरोवराचे वय बराच काळ सुमारे पन्नास हजार वर्षे मानले जात होते. २०११ च्या सुमारास दगडातील आर्गॉन वायूच्या मोजमापावरून ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास निघाले.

आता या दीडशे वर्षांत ज्या माणसांनी लोणारचे दगड तपासले आणि ज्यांना निर्णायक उत्तर मिळाले नाही, ते सगळे नापास म्हणायचे काय? त्यांच्यापैकी प्रत्येकाने एखादा नकाशा, एखादे मोजमाप, एखादी शंका मागे ठेवली. तिच्यावरच पुढच्याने पाय ठेवला. संशोधन हे एकट्याने पूर्ण करण्याचे काम नसून रांगेत उभे राहून घमेले पुढे देण्याचे काम आहे, हे आपल्या लोणारने मला प्रथम शिकवले.

चौदा वर्षांची विद्यार्थिदशा

परंतु घमेले हाती असताना माणसाच्या मनाचे काय होते? यासाठी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पुन्हा वाचले. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार म्हणून आपणांस ठाऊक आहेत. बॅरिस्टर आंबेडकर, डॉक्टर आंबेडकर ही नावेही आपण घेतो. त्या 'डॉक्टर' शब्दामागे किती वर्षे आहेत, याची मोजदाद मात्र आपण सहसा करीत नाही. ती आपण आता करू.

१९१२ मध्ये ते मुंबईत बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इन या वकिलीच्या संस्थेत नाव घातले. येथवर सर्व सुरळीत. आणि इथेच, १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपली! अभ्यास अर्धा, हाती पैसा नाही, युरोपात महायुद्ध पेटलेले. परत फिरावे लागले. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांचे सामान व पुस्तके ज्या बोटीवर होती ती जर्मन पाणबुडीने बुडवली.

बरे, परत येऊन तरी मान मिळाला काय? करारानुसार ते बडोद्याला नोकरीस गेले. परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत आश्रय मिळाला, तोही थोड्याच दिवसांत लोकांनी काठ्या घेऊन येऊन हिरावून घेतला. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे तास त्यांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून काढले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कोलंबियाचा एम.ए. असलेला सव्वीस वर्षांचा तरुण, बागेत, अश्रू आवरीत! "माझ्यात ते नाही" असे म्हणण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर त्या संध्याकाळी त्यांना होता.

आता बारकाईने पाहा. लंडन सोडताना त्यांनी एक काम न विसरता केले होते. अपुरा अभ्यास चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करता यावा, अशी विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. घर सोडताना किल्ली कमरेला बांधून निघावे तसे हे होते. त्या दिवशी त्यांना आपल्यावर किती विश्वास वाटत होता, हे मला सांगता येणार नाही. पण विश्वास वाटो न वाटो, दार बंद होऊ द्यायचे नाही, एवढी व्यवस्था त्यांनी केली.

मग १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली. काटकसर करून पगारातून पैसे बाजूला टाकले. न्यूयॉर्कपासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. आणि १९२० मध्ये, मुदत सरण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला पोहोचले. पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून बसून काम केले. १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न.

आणि तो प्रबंध परत आला!

होय, वाचकहो, परत आला. १९२३ च्या आरंभी परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा सादर करण्यास सांगितले. सरकारच्या चलनधोरणावरील त्यांची कडक टीका परीक्षकांना रुचली नाही, असे सांगितले जाते. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच प्रबंधाच्या पुस्तकाला त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत काही मुद्द्यांवर आपले मत वेगळे असल्याचे सांगूनही त्यांनी विचारांच्या ताजेपणाची तारीफ केली. परत आलेले पान म्हणजे परत पाठवलेला माणूस नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

कोलंबियाची पीएच.डी. तर अजून राहिलीच होती. त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण झाला, आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. १९१३ पासून मोजा. चौदा वर्षे झाली. "गुरुजी, अजून किती साल?" हा प्रश्न परळच्या चाळीत रमाबाईंच्या मनात किती वेळा आला असेल! घरची ओढाताण त्या माउलीने सोसली, म्हणून लंडनच्या ग्रंथालयातला दिवा जळत राहिला. विद्वत्तेच्या इतिहासात अशा माणसांची नावे पदवीच्या कागदावर छापली जात नाहीत.

दोन बहिणी

दुसरे उदाहरण एका घरातल्या दोन बहिणींचे. भागवत घराण्यातील कमला आणि दुर्गा.

कमला भागवत, पुढे सोहोनी, यांचा जन्म १९११ चा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. वडील तेथेच शिकलेले, म्हणून प्रवेशाविषयी शंका नव्हती. पण संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी, आणि त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करायचे, आणि तिथल्या वातावरणाला बाधा येता कामा नये. ही शेवटची अट त्यांच्या मनाला किती लागली असेल! हा अपमान त्या पुढे आयुष्यभर विसरल्या नाहीत. तरी त्यांनी वर्ष पुरे केले. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. त्यांचे काम पाहिल्यावर पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनात भाग घेणारे 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघा चाळीस पानांच्या आसपास. आपल्याकडे अजूनही प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता मोजणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. गरिबांच्या आहाराला त्याचा उपयोग होईल अशी त्यामागची दृष्टी होती. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

आता थोरली बहीण. दुर्गा भागवत यांनीही पीएच.डी.साठी संशोधन आरंभले होते. मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये हिंडत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या अनेक वर्षे अंथरुणाला खिळल्या. प्रबंध अपुराच राहिला. परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर एक बहीण पास, दुसरी नापास! परंतु मराठी वाचक काय म्हणतो? आजारातून उठल्यावर दुर्गाबाईंनी लोकसाहित्यावर जे काम केले, त्यावाचून मराठीतील त्या विषयाचा अभ्यास आज सुरू होत नाही. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. नावामागे डॉक्टर लागले नाही, पण अभ्यास सुटला नाही.

हे उदाहरण मी जाणूनबुजून घेतले आहे. चिकाटी धरली की पदवी मिळतेच, असे खोटे आश्वासन मी माझ्या विद्यार्थ्याला देऊ इच्छीत नाही. प्रकृती, पैसा, घरची परिस्थिती यांपुढे कधी कधी माणसाला थांबावे लागते. थांबणे आणि आपण लायक नव्हतो असे मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली परिस्थिती असते, दुसरी समजूत असते. समजूत चुकीची असू शकते.

नोकरी गेल्यावर काय?

पदवी किंवा उच्च प्रशिक्षण झाल्यावर तरी चिंता मिटते काय? नाही. आज पुष्कळ तरुण पीएच.डी. होऊन दोन दोन वर्षांच्या नेमणुकांवर या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत जातात. वय तिशीपुढे जाते, लग्नाचे पाहावे लागते, आणि कायमची जागा काही दिसत नाही. या अवस्थेसाठी मला डॉ. सालिम अली यांचे उदाहरण आठवते.

मुंबईचे हे पक्षितज्ज्ञ. जन्म १८९६. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, मामांनी वाढवले. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पुढे रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तेथील संग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याजवळ पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये मोठ्या उमेदीने परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! हाती विद्या, पण जागा नाही.

ते व पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. मुंबईपेक्षा तिथे खर्च कमी. पावसाळा आला. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ज्याला नोकरी नाही त्याला वेळ पुष्कळ असतो. ते रोज बसून पाहू लागले. आणि त्यांच्या ध्यानी आले, की नर घरटे अर्धेच विणतो, मादी येऊन ते तपासते, तिला पसंत पडले तर ती ताबा घेते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो. सुगरणीचे घरटे आपल्या विहिरीवरच्या बाभळीला लोंबताना आपण लहानपणापासून पाहिले आहे. पण पाहणे निराळे, रोज नोंद ठेवून पाहणे निराळे. तो लेख प्रसिद्ध झाला आणि त्यातून पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे त्यांनी संस्थानांच्या मुलखात पक्ष्यांची पाहणी केली, ती बहुधा केवळ खर्चापुरत्या पैशांवर. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती त्यांना १९५८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

या उदाहरणाचा अर्थ नोकरीची गरज नाही असा कृपया कोणी घेऊ नये. किहीमला डोक्यावर छप्पर होते आणि पाठीशी खंबीर पत्नी होती. गाद्या भरणाऱ्याच्या मुलाला तेवढेही नसते. अर्थ इतकाच, की मोठे काम हातातून गेले तेव्हा त्यांनी लहान, रोजचे, डोळ्यांसमोरचे काम धरले, आणि त्या कामाने त्यांना उभे केले.

तात्पर्य

या साऱ्या चरित्रांतून मला एक गोष्ट दिसली. आपण समजतो की आत्मविश्वास हे भांडवल आहे. ज्याच्याजवळ ते आहे त्याने व्यापारात पडावे, ज्याच्याजवळ नाही त्याने घरी बसावे. हे खरे नव्हे. आत्मविश्वास ही मजुरी आहे. दिवसभर काम केल्यावर संध्याकाळी ती हाती पडते, आणि उद्याच्या कामाला पुरते. सकाळीच ती मागायला गेलो तर कोणी देत नाही. बाबासाहेबांनी मुदत वाढवून घेतली, प्रबंध पुन्हा लिहिला. कमलाबाईंनी अटींचे वर्ष पुरे केले. सालिम अलींनी रोजची नोंद ठेवली. त्यांचे मन त्या दिवशी खंबीर होते म्हणून नव्हे. काम समोर होते म्हणून.

तेव्हा संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, परत आलेले पान म्हणजे निकाल नव्हे, तो त्या कामाचा रोजचा भाग आहे. दुसरी, रोज एक तरी लहान काम असे करा, की संध्याकाळी वहीत त्याची ओळ लिहिता येईल. जमले नाही असे लिहावे लागले तरी लिहा. तिसरी, एक तरी नवल भथेना शोधा. ज्याला खरी अवस्था सांगता येते असा एक मित्र हवाच. दुःख मनात कोंडून आजारी पडणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, तर वेळीच डॉक्टरला दाखवा. चौथी, थांबावेच लागले तर दार उघडे ठेवून थांबा. जे काही ठरेल ते लेखी घ्या.

पालकांना आणि आपल्या संस्थेलाही दोन शब्द. १९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झाले, त्याआधी आपला जिल्हा नागपूर विद्यापीठाखाली होता. उच्च शिक्षणाची वाट आपल्यासाठी पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. पण ती वाट अजून पैशावाचून अडते. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्यांसाठी बंद झाली. चाळणी परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती आहे, पण ती सर्वांनाच मिळत नाही. पहिलीला दप्तर देणारे दाते आपल्याकडे आहेत, दहावीच्या गुणवंताला घड्याळ देणारे आहेत. तिसऱ्या वर्षाच्या संशोधकाला सहा महिने धीर धरता येईल एवढी मदत करणारा कोणी आहे काय? त्या वर्षी टाळ्या नसतात, पेढे नसतात, आणि मदतीची गरज मात्र तेव्हाच सर्वांत अधिक असते. बाबासाहेबांना सयाजीराव, शाहू महाराज व भथेना भेटले. आपल्या मुलांना कोण भेटणार?

असो. माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. सुट्टी संपण्याच्या आधी मी त्याला घरी बोलावले आणि वर लिहिलेल्यातले बरेचसे सांगितले. प्रबंध परत आल्याची हकीकत ऐकून तो प्रथमच हसला. म्हणाला, "सर, शाळेत तुम्ही आम्हाला बाबासाहेबांच्या पदव्या पाठ करून घेतल्या होत्या. प्रबंध परत आला होता हे कधी सांगितले नाही." मी मान खाली घातली. त्याचे म्हणणे बरोबर होते. यंदापासून नववीच्या वर्गात मी ते सांगतो.

तो परत गेला आहे. त्याचा प्रबंध पूर्ण होईलच असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा त्याचा निरोप येतो, बहुतेक वेळा एकाच ओळीचा : अमुक प्रयोग केला, जमला नाही, तमुक केला, थोडे जमले. त्यातले रसायनशास्त्र मला कळत नाही. त्याचे वडील दुकानावरून जाताना विचारतात, "गुरुजी, काय म्हणतो पोरगा?" मी सांगतो, "काम करतोय." आता ते वर्षे विचारीत नाहीत.